जुन्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर: मी दोनदा बदलला, तुम्ही एकदाच बदला

माझी गाडी २००९ ची डिझेल हॅचबॅक, सेकंड हँड घेतलेली, पंधरा वर्षं झाल्यावर आरसी रिन्यू करून अजून चालवायलोय. लातूर-अहमदपूर आठवड्याला तीन चकरा ठरलेल्या. ऐन एप्रिलात एसीतून गरम हवा यायला लागली आणि बॉनेटमधून खडखड, गॅरेजवाल्यानं पाच मिनिटांत निकाल दिला की कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) गेला, भंगारातला एक आणून ठोकला, गॅस भरला, साडेनऊ हजार घेतले. अडीच महिन्यांत तोही जाम.

दुसऱ्या वेळी मी स्वतः हात घातला, फक्त फ्लशिंग (पाइप आतून धुणं), व्हॅक्यूम (आतली हवा ओढून काढणं) आणि गॅससाठी एका म्हाताऱ्या एसी मेकॅनिक चाचांना घरी बोलावलं. चाचांनी जुन्या कॉम्प्रेसरचा पाइप सोडवला, बोटावर तेल घेतलं, काळंकुट्ट आणि उन्हात चांदीच्या भुकटीसारखं चमकणारं, ते माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "कंप्रेसर मर्‍या नै भाई, उसकू मारे." तेव्हा कळलं की मी पहिल्यांदा मेलेला माणूस बदलला होता पण विष घरातच ठेवलं होतं. पुढं लिहिलंय ते सगळं त्यातून शिकलेलं.

हे फक्त बेल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरसाठी आहे आणि आर-१३४ए गॅसवाल्या गाड्यांसाठी. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हात लावू नका, तिथं केशरी वायरीत जीवघेणा करंट असतो आणि तेलही वेगळं लागतं. नव्वदच्या आधीची एखादी हौसेची गाडी असेल तर तिच्यात आर-१२ असायचा, त्या जातीच्या गॅसचं उत्पादन भारतात २००८ मध्येच बंद झालंय, तो विषय वेगळा.

१) खरंच कॉम्प्रेसरच गेलाय का ते बघा

एसी थंड करत नाही म्हणजे कॉम्प्रेसर गेला असं नसतं. इथंच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

इंजिन चालू करून एसी लावा आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाकडं बघा. पुली तर कायम फिरतेच, तिच्या पुढची प्लेट 'टक्' आवाज करून पुलीसोबत फिरायला लागली पाहिजे. प्लेट फिरतच नसेल तर आधी फ्यूज, रिले, आणि गॅस आहे का ते तपासा, कारण गॅस फारच कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला लागूच देत नाही, ते त्याच्या भल्यासाठीच असतं. मग इंजिन बंद करून क्लचच्या, म्हणजे त्या प्लेटला पुलीला चिकटवणाऱ्या चुंबकाच्या, कॉइलला बॅटरीवरून सरळ १२ व्होल्ट देऊन बघा. टक् झालं तर कॉइल ठीक, दोष वायरिंगमध्ये. नाही झालं तर मीटर लावा, साधारण ३ ते ५ ओहम दाखवायला हवं. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे कॉइल आतून तुटली असेल तर नुसती कॉइल बदलता येते, अख्खा कॉम्प्रेसर नाही. माझ्या साडूला याच कॉइलसाठी अख्ख्या कॉम्प्रेसरचं कोटेशन दिलं होतं, विचार करा.

आवाजाचंही तसंच. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर बहुतेक पुलीचं बेअरिंग आहे, ते वेगळं मिळतं. एसी लावल्यावरच खडखड सुरू होत असेल तर आतला माल गेलाय. आणि इंजिन बंद करून पुढची प्लेट हातानं फिरवून बघा, अजिबात हलत नसेल किंवा किरकिरत अडकत फिरत असेल तर मग मात्र विषय संपला.

गेज (गॅसचा दाब दाखवणारे काटे) लावता येत असेल तर अजून पक्कं होतं. लो साइड म्हणजे कॉम्प्रेसरकडं गॅस येतो ती कमी दाबाची बाजू, हाय साइड म्हणजे दाबलेला गॅस बाहेर पडतो ती. कॉम्प्रेसर फिरतोय पण लो साइडचा काटा वर आणि हाय साइडचा खाली, दोन्ही एकमेकांच्या जवळ येऊन बसलेत, म्हणजे तो दाबच करत नाहीये. एक गोष्ट लक्षात ठेवा, गाडी बंद असताना गेजवर दिसणाऱ्या प्रेशरवरून "गॅस फुल आहे" असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. ३० डिग्रीला बंद गाडीत साधारण ९७ पीएसआय दिसतं, मग आत दीडशे ग्रॅम गॅस असो की साडेतीनशे. थोडा जरी गॅस पातळ स्वरूपात शिल्लक असेल तरी प्रेशर तेवढंच.

२) का गेला ते शोधल्याशिवाय नवीन आणू नका

गुमान हा भाग दोनदा वाचा.

कॉम्प्रेसरचं तेल इंजिनसारखं खाली टाकीत साठून राहत नाही, बहुतेक ते गॅससोबत सगळ्या पाइपांतून फिरून परत येतं. गॅस कमी झाला की तेल परत यायचं कमी होतं आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो. आपल्याकडं काय चालतं, दर मार्चला गॅरेजवर जायचं, "थोडा गॅस मारा", पाचशे-हजार द्यायचे, लीक शोधायचा नाही. गॅस हवेत जातो तेव्हा सोबत थोडं तेलही जातं, गॅस आपण परत भरतो आणि तेल कुणीच भरत नाही. तीन-चार उन्हाळे असे काढले की कॉम्प्रेसर आतून घासून संपतो. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं, आधीच्या मालकानंही तेच केलं आणि मीही. लीक कुठं आहे ते बघायला टॉर्च घेऊन सगळे जोड बघा, जिथं तेलकट धूळ चिकटलेली दिसेल तिथं संशय. कॉम्प्रेसरच्या पुढच्या तोंडाला तेल माखलेलं असेल तर शाफ्ट सील गळतंय.

दुसरं कारण म्हणजे कंडेन्सर (गाडीच्या तोंडाशी असलेली, दाबलेला गॅस थंड करणारी जाळी) चोंदणं, आणि हे आपल्या भागाचं खास दुखणं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांच्या मागं तासभर चालवलं की जाळीत पिंजलेला कापूस अडकतो, सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत भुसा, आणि त्यावर काळ्या मातीची धूळ, जाळीचं पोतंच होतं. हवा जात नाही, हाय साइडचं प्रेशर चढत जातं, आणि मे महिन्यात ४२ डिग्रीत कॉम्प्रेसर त्या दाबाविरुद्ध ढकलत राहतो. जाळी पाण्यानं धुवा पण सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप जवळून मारू देऊ नका, पत्र्याच्या पात्या वाकतात आणि होती ती हवापण बंद.

तिसरं पंखा. एसी लावल्यावर पंखा फिरतोय हे बघून समाधान मानू नका, गाडीच्या पुढून जाळीसमोर एक कागद धरा, तो जाळीला चिकटला पाहिजे. मोटर बदलताना कुणीतरी वायर उलटी जोडलेली असते आणि पंखा उलटा फिरून गरम हवा पुढं फेकत राहतो, अशी गाडी मी स्वतः बघितलीय.

३) काय काय लागेल

पार्टमध्ये कॉम्प्रेसर, ड्रायर म्हणजे ती फिल्टरची बाटली, एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस बेतानं सोडणारा), ओ-रिंगचा म्हणजे जोडांतल्या रबरी कड्यांचा सेट, तेल, गॅस, आणि गरज असेल तर कंडेन्सर आणि बेल्ट. ओ-रिंग आर-१३४ए ला चालणाऱ्याच घ्या, त्या बहुतेक हिरव्या असतात, रंगावर न जाता दुकानदाराला विचारून घ्या.

हत्यारं: १०, १२, १४ चे पाने आणि सॉकेट, जॅक आणि दोन भक्कम स्टँड, मल्टिमीटर, गेजचा सेट, व्हॅक्यूम पंप, डिजिटल वजनकाटा, मेडिकलमधून आणलेली ५० मिलीची सिरिंज, चष्मा आणि हातमोजे. गेज आणि पंप विकत घ्यायची गरज नाही, एसी मेकॅनिककडं असतो. काटा मी मेहुण्याच्या किराणा दुकानातून आणला, त्यानं आधी पेढ्याचा बॉक्स मागितला ती गोष्ट वेगळी.

कागद म्हणाल तर आरसीची झेरॉक्स, चेसिस नंबर, जुन्या कॉम्प्रेसरवरच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो, आणि घेतलेल्या प्रत्येक पार्टचं पक्कं बिल. बिलाचं सांगतोय ते उगं नाही. नवीन कॉम्प्रेसरच्या वॉरंटीत बऱ्याचदा अट असते की ड्रायर नवीन टाकला आणि लाइन फ्लश केली याचा पुरावा दाखवा, नाहीतर क्लेम रद्द. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला ड्रायर तिथं कामाचा नाही.

४) कॉम्प्रेसर घेताना

भंगारातला घेऊ नका, एवढंच म्हणेन. तो गाडीतून काढून किती दिवस तोंड उघडं टाकून पडला होता ते कुणालाच माहीत नसतं, आत धूळ आणि दमट हवा गेलेली असते. रिबिल्ट (खोलून दुरुस्त केलेला) घ्यायचा तर लेखी वॉरंटी देणाऱ्याकडून.

नवीन मागवताना फोनवर फक्त गाडीचं नाव सांगू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारचे कॉम्प्रेसर आलेले असतात. पार्ट नंबर सांगा, पुलीवर बेल्टच्या किती खाचा आहेत ते मोजून सांगा, कॉइलच्या वायरीचा सॉकेट कसा आहे त्याचा फोटो पाठवा, आणि हे जरूर विचारा की क्लच-पुलीसकट आहे की नुसती बॉडी. रेट एकदम स्वस्त वाटला की बहुतेक नुसती बॉडी असते. माझा हैदराबादहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं आला, सकाळी सहाला स्टँडवर जाऊन घेतला, आणि तिथंच खोका उघडून नंबर जुळवला. तोंडाची झाकणं मात्र तिथं काढू नका, ती शेवटच्या मिनिटापर्यंत राहू द्या.

५) गॅस काढणं आणि जुना खोलणं

पाइप सैल करून फुस्सकन गॅस सोडून द्यायची आपल्याकडं पद्धतच आहे. करू नका. एक तर आर-१३४ए हवेच्या दाबात उणे २६ डिग्रीला उकळतो, हातावर किंवा डोळ्यात उडाला तर गोठवून जखम करतो. दुसरं, तो ओझोनला धक्का लावत नसला तरी हवा तापवण्यात एक किलो गॅस म्हणजे तेराशे-चौदाशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, आणि आपण इथं ऊन वाढलं म्हणून रडायलोय. रिकव्हरी मशीन असलेल्याकडून काढून घ्या, किती ग्रॅम निघाला तेही कळतं. आणि जवळ कुणी बिडी ओढायली असेल तर लांब पाठवा, हा गॅस जाळावरून गेला की विषारी होतो.

मग इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह सोडलेली. बेल्ट सैल करा, कॉइलची वायर काढा, दोन पाइपांचे बोल्ट, मग बॉडीचे तीन-चार बोल्ट. बहुतेक गाड्यांत खालून काढावा लागतो, वजन पाच-सहा किलोचं असतं, तोंडावर घेऊ नका. बोल्टला आदल्या रात्री गंजाचा स्प्रे मारून ठेवा. पाइप सुटले की त्याच क्षणी तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड.

६) आतून साफ करणं

जुन्या कॉम्प्रेसरचं तेल एका पांढऱ्या वाटीत ओता. स्वच्छ, पिवळसर निघालं तर तुमचं नशीब चांगलं, काम हलकं झालं. काळं आणि चमकी असलेलं निघालं तर कॉम्प्रेसरचा चुरा सगळ्या लाइनीत पसरलाय, आणि नवीन कॉम्प्रेसर बसवला की पहिल्याच दिवशी तो चुरा त्याच्या पोटात. पहिल्या वेळी माझं अडीच महिन्यांत वाटोळं झालं ते याच्यामुळं.

पाइप आणि कूलिंग कॉइल (केबिनची हवा गार करणारी) एसी फ्लशच्या केमिकलनं धुवायची, गॅस वाहतो त्याच्या उलट दिशेनं, केमिकल स्वच्छ निघेपर्यंत, आणि मग नायट्रोजननं पूर्ण कोरडी करायची. नायट्रोजन नसेल तर फ्रिजवाल्या मेकॅनिककडं असतो. पेट्रोल वापरू नका, लई जण वापरतात, आग लागायची भीती आहेच आणि उरलेलं पेट्रोल तेल पातळ करून रबर खातं. टायरवाल्याची हवा दमट असते. आणि ऑक्सिजनचा सिलिंडर तर चुकूनही नाही, तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

ड्रायर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसर यांना फ्लश करायचं नसतं. पहिले दोन सरळ नवीन टाका. कंडेन्सरचं सांगायचं तर आजकालच्या बारीक नळ्यांच्या कंडेन्सरमधून चुरा कधीच पूर्ण निघत नाही, चमकी दिसली असेल तर तोही बदला. मला इथं ३,४०० रुपये जीवावर आले होते, चाचा नुसते हसले आणि मागच्या साडेनऊ हजारांची आठवण करून दिली.

७) तेलाचं गणित

इथं अंदाज चालत नाही. कुठलं तेल ते कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर असतं, बहुतेक पीएजी, त्यात ४६, १००, १५० असे जाड-पातळ प्रकार. जे लिहिलंय तेच. पीएजी तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून डबा उघडून ठेवू नका आणि दुकानातला अर्धा वापरलेला डबा घेऊ नका.

नवीन कॉम्प्रेसरमध्ये बऱ्याचदा अख्ख्या सिस्टिमला पुरेल एवढं तेल आधीच असतं. तुम्ही सगळं फ्लश केलंय, ड्रायर नवीन आहे, तर ते तसंच राहू द्या. पण काहीच धुतलं नसेल आणि नुसता कॉम्प्रेसर बदलत असाल तर पाइपांत जुनं तेल आहेच, मग नवीन कॉम्प्रेसरचं तेल काढून, जुन्यातून जेवढं निघालं तेवढंच सिरिंजनं मोजून भरतात, एकदमच कमी निघालं तर पार्टसोबतच्या पत्रकात किमान आकडा दिलेला असतो तो. माझ्या जुन्यातून फक्त ३० मिली निघालं होतं, सिस्टिमला १२० लागतं. जास्त झालं तरी वाईट, कूलिंग कॉइलमध्ये तेल बसलं की थंडावा कमी होतो.

८) बसवणं

जुनी ओ-रिंग कधी कधी पाइपाच्या खोबणीत चिकटून राहते आणि वरून नवीन बसते, लीक पक्का. नखानं खरवडून बघा. नवीन ओ-रिंगला एसीचंच तेल लावा, ग्रीस नको, टेफ्लॉन टेप नको, एम-सील तर नकोच नको. पाइपांचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातात, आधी हातानं लावा, मग छोट्या पान्यानं बेतानं. जोर दाखवला की आटे गेले.

ड्रायरची झाकणं सगळ्यात शेवटी काढा. बेल्ट चढवायच्या आधी कॉम्प्रेसरची पुढची प्लेट हातानं दहा-बारा वेळा फिरवा, म्हणजे आत एका जागी साठलेलं तेल सरकतं. हे न करता इंजिन लावलं की पातळ तेल दाबलं जात नाही आणि आतली व्हॉल्व्हची पाती तुटते. दहा सेकंदांचं काम आहे पण कुणी करत नाही.

९) नायट्रोजन, मग व्हॅक्यूम

आधी नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरून प्रत्येक जोडावर भांड्याच्या साबणाचं पाणी लावा. बुडबुडे नाहीत, काटा अर्धा तास हलला नाही, मग तो सोडून व्हॅक्यूम. किमान ४५ मिनिटं, पावसाळा असेल तर तास-दीड तास. नुसती हवा काढायला पाच मिनिटं पुरतात, आपल्याला आतला ओलावा काढायचा असतो, दाब खूप कमी झाला की पाणी साध्या तापमानाला उकळून वाफ होऊन निघतं, त्याला वेळ लागतो. दहा मिनिटांत "झालं मालक" म्हणणाऱ्याला परत पंप लावायला सांगा.

एक गंमत. व्हिडिओत सगळे म्हणतात काटा उणे २९.९ इंचावर (पाऱ्याचे इंच) गेला पाहिजे, माझा २७.७५ च्या आसपास थांबला आणि मी पंपावरच शंका घेतली. चाचा म्हणाले, "इधर अठ्ठाईस के ऊपर कांटा जाता नै." नंतर डोक्यात आलं, लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, दर तीनशे मीटरला हवेचा दाब इंचभर कमी होतो, म्हणजे काटा दोन इंच कमी दाखवणारच. नांदेड खाली आहे, तिथं जरा जास्त दिसेल.

आधी गेजचे व्हॉल्व्ह बंद करा, मग पंप बंद करा आणि अर्धा तास चहा घ्या. काटा परत आला तर लीक किंवा ओलावा बाकी आहे, गॅस भरू नका.

१०) गॅस भरणं

बॉनेटखाली स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. तेवढेच, वजनकाट्यावर मोजून. माझ्या गाडीला ३८० लागतात आणि डबा येतो ४५० चा, म्हणजे अख्खा डबा मारला की जास्त झाला. जास्त गॅस म्हणजे जास्त थंड हा गैरसमज आहे, प्रेशर चढून थंडावा उलट कमी होतो.

इंजिन चालू असताना फक्त लो साइडनं, डबा उभा ठेवून. डबा उलटा केला तर पातळ गॅस सरळ कॉम्प्रेसरमध्ये जातो. चालू इंजिनवर हाय साइडचा व्हॉल्व्ह उघडला तर प्रेशर डब्यात उलटं येऊन डबा फुटतो.

डबा सीलबंद असावा आणि तुमच्या डोळ्यांसमोर फोडावा. स्वस्तात भरून देतो म्हणून काही जण स्वयंपाकाच्या गॅसचं मिश्रण मारतात, थंड मस्त करतं, पण कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते आणि तिथं लीक झालं तर पेटणारा गॅस तुमच्या लेकराबाळांसोबत केबिनमध्ये. लीक बंद करणारं औषधही नको, ते व्हॉल्व्हमध्ये आणि पुढच्या मेकॅनिकच्या मशीनमध्ये जाऊन बसतं.

बाहेर ४० च्या पुढं असेल तर लो साइड साधारण ४० ते ५० पीएसआय, हाय साइड २५० ते ३०० च्या आसपास दिसतं. हाय साइड साडेतीनशेकडं धावायली असेल तर लगेच एसी बंद करा आणि पंखा बघा. मग क्लच नवीन असतो म्हणून इंजिन आयडलवर ठेवून एसी पंधरा-वीस वेळा चालू-बंद करा, प्लेट नीट बसते.

११) खर्च आणि नंतरचं

कॉम्प्रेसर क्लचसकट १२,५००, कंडेन्सर ३,४००, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह १,६००, तेल-ओ-रिंग-केमिकल १,३००, चाचांची मजुरी नायट्रोजन, गॅससकट २,८००. झाले २१,६००. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा येईल, पण कोटेशनमध्ये ड्रायर आणि फ्लशिंगची ओळच नसेल तर तिथून उठा.

मे महिन्यात उभ्या गाडीत व्हेंटमधून १२-१३ डिग्रीची हवा आली तर घाबरू नका, चालत्या गाडीत ती उतरते. थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, नाहीतर शाफ्टचं सील कोरडं पडतं. पंधरा दिवसांनी परत टॉर्च घेऊन सगळे जोड बघा. माझ्या एका जोडावर तेलकट धूळ दिसलीच, बोल्ट पाव आटा सैल राहिला होता, आवळला, पुसून घेतला, आठ दिवसांनी परत बघितला तर कोरडा होता.